कुलूप पक्कं, कोयंडा सैल

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या कायद्यालेखी एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर ही युद्धसामग्री होती. रणगाडे आणि क्षेपणास्त्रं ज्या यादीत, त्याच यादीत मजकूर कुलूपबंद करणारा प्रोग्रॅमही होता. परवान्याशिवाय तो देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा होता. या कायद्याचा एक परिणाम तो लिहिणाऱ्यांच्या मनातही नसेल. तुम्ही परदेशातून आईवडिलांच्या खात्यात पैसे पाठवता, तेव्हा ती देवघेव ज्या कुलपाआड होते त्या प्रकारच्या कोडचा मोठा पाया अमेरिकेबाहेर घातला गेला. त्यातली दोन ठिकाणं तर पार दक्षिण टोकाला आहेत, ब्रिस्बेन आणि ऑकलंड.

मी ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनीत राहते. इथे कुठल्याही मराठी घरी जेवायला जा, पानावर बसलेल्यांपैकी कुणीतरी कोड लिहिणारं, कुणी तो तपासणारं, कुणी सर्व्हर सांभाळणारं निघतंच. 'सर्टिफिकेटची एरर' हा आमच्याकडे हवामानासारखा नेहमीचा विषय आहे. पण त्या एररमागच्या इतिहासाचा एक धागा इथून लोकलने तासाभरावर असलेल्या विद्यापीठात आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

एन्क्रिप्शनचा इतिहास बहुधा दोन प्रकारे सांगितला जातो. एक गणिताचा, दुसरा सरकार आणि कायद्याचा. मला इथे तिसरा सांगायचा आहे. तो आहे तयार कुलूप दाराला बसवणाऱ्या माणसांचा, म्हणजे वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांचा.

आधी ऑकलंडचा धागा. जून १९९१ मध्ये फिल झिमरमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने 'प्रिटी गुड प्रायव्हसी', म्हणजे पीजीपी, या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती काढली. सामान्य माणसाला आपला पत्रव्यवहार सरकारपासूनही झाकून ठेवता यावा, हा त्यामागचा हेतू होता. त्यातली कूटपद्धत झिमरमन यांनी स्वतः रचली होती, आणि एली बिहाम या इस्रायली तज्ज्ञाने तिच्यातले कच्चे दुवे लगेच दाखवून दिले. सप्टेंबर १९९२ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिच्यात ती घरगुती पद्धत काढून स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेली 'आयडिया' ही पद्धत बसवली होती. या आवृत्तीवर वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी काम केलं: नेदरलँड्समधले ब्रांको लँकेस्टर, फ्रान्समधले जाँ-लू गायी आणि ऑकलंडमधले पीटर गुटमन. न्यूझीलंड इंटरनेटला जोडलं गेलं त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. एप्रिल १९८९ मध्ये हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठातून ती जोडणी झाली, आणि तिचा वेग होता सेकंदाला ९६०० बिट. एवढ्या अरुंद वाटेवरूनही कोड ये-जा करत होता.

अमेरिकेत मात्र १९९३ मध्ये झिमरमन यांच्यामागे चौकशी लागली. ती जानेवारी १९९६ मध्ये आरोपपत्राविनाच बंद झाली. मधल्या काळात, १९९५ मध्ये, एमआयटी प्रेसने पीजीपीचा सगळा कोड पुस्तक म्हणून छापला. सॉफ्टवेअरच्या निर्यातीला बंदी होती, पुस्तकाच्या नव्हती. कुलूप नेता येत नाही, पण ते कसं घडवायचं याचं पुस्तक नेता येतं, असा तो प्रकार होता.

त्याच सुमारास ब्रिस्बेनमध्ये एरिक यंग आणि टिम हडसन यांनी नेटस्केपच्या एसएसएल या पद्धतीची स्वतंत्र आवृत्ती लिहून ती मोफत दिली. यंग यांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव 'एसएसएलईएवाय' पडलं. अमेरिकेबाहेर वापरायला मिळणाऱ्या ब्राउझरात निर्यातीसाठी मुद्दाम तोकडी केलेली ४० बिटांची किल्ली असे. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्समधल्या एका संशोधकाने संस्थेतले संगणक आठ दिवस कामाला लावून अशी किल्ली शोधून काढली. ऑस्ट्रेलियातल्या या कोडला तो तोकडेपणा बंधनकारक नव्हता, त्यामुळे जगभरच्या प्रोग्रॅमरांनी तो उचलला. डिसेंबर १९९८ मध्ये त्यातूनच ओपनएसएसएल जन्माला आलं. ब्रिस्बेनची ती आद्याक्षरं त्याच्या कोडात पुढे कित्येक वर्षं टिकून होती. ती एका मोठ्या अपघाताच्या जागीही सापडतील, त्याकडे मी थोड्या वेळाने येते.

त्याआधी एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पानिपतच्या युद्धानंतरचं सावकाराचं पत्र आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची मोजदाद नाही, असा त्याचा आशय. ते पत्र पोचवायचं होतं औरंगाबादच्या सावकारांकडे, पण वाटेत ते नानासाहेब पेशव्यांनी उघडलं. मोती म्हणजे कोण आणि मोहरा म्हणजे कोण, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सांकेतिक भाषेची हीच मर्यादा असते. वाचणाऱ्याला संदर्भ माहीत नाही, एवढ्याच आधारावर ती टिकते.

आधुनिक एन्क्रिप्शनचं तत्त्व याच्या उलट आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहिलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित असावं ते किल्लीत. म्हणून तर ब्रिस्बेनचा कोड चारचौघांत ठेवता आला आणि पीजीपीचं पुस्तक दुकानात विकता आलं. पण याचा दुसरा अर्थ असा, की सगळा भार किल्लीवर येतो. किल्ली कुणाला अंदाजाने सांगता आली, किंवा ती भलत्याच माणसाच्या हाती दिली, तर उत्तम गणितही काही कामाचं नाही.

याची पहिली जाहीर प्रचिती सप्टेंबर १९९५ मध्ये आली. इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर या बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांना आढळलं की नेटस्केपचा ब्राउझर किल्लीसाठी लागणारी यादृच्छिक संख्या घड्याळातली वेळ आणि प्रोसेसचे क्रमांक यांवरून काढतो. या गोष्टींचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेतली १२८ बिटांची 'भक्कम' आवृत्तीही त्यामुळे तितकीच उघडी पडली. कुलूप कुणी फोडलंच नव्हतं.

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने निर्यातीचे निर्बंध बरेच सैल केले. लढाई जिंकली, आता सगळं जग कुलूपबंद होणार, असं अनेकांना वाटलं. पण वर्षभर आधीच, १९९९ मध्ये, अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी एक साधा प्रयोग करून पाहिला होता. बारा जणांना पीजीपी ५.० दिलं, दीड तास दिला, आणि एक निरोप सही करून, एन्क्रिप्ट करून पाठवायला सांगितला. जेमतेम एक तृतीयांश लोकांना ते जमलं. तिघांनी तर गुप्त निरोप उघडाच पाठवून दिला. वापरणाऱ्यांना जमत नाही हे तेव्हा कळलं. पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना तरी जमतं का, हा प्रश्न अजून कुणी नीट विचारला नव्हता.

तो गुटमन यांनी विचारला. नव्वदीच्या दशकात ऑकलंड विद्यापीठात त्यांनी 'क्रिप्टलिब' नावाचं एन्क्रिप्शनचं टूलकिट लिहायला घेतलं होतं. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवता यावं म्हणून केलेलं कुलूप म्हणा ना. ते बसवताना प्रोग्रॅमर काय काय करतात, हे त्यांना वर्षानुवर्षं जवळून दिसलं. त्यावरचा निबंध त्यांनी २००२ मध्ये युझेनिक्सच्या सुरक्षा परिषदेत मांडला. त्यातलं ओपनएसएसएलचं उदाहरण वाचताना आधी हसू येतं आणि मग येईनासं होतं.

घडलं ते असं. फेब्रुवारी २००० मध्ये ओपनएसएसएलची ०.९.५ ही आवृत्ती आली. यादृच्छिकता पुरेशी गोळा झाली नसेल, तर ती काम करायला नकार द्यायची आणि 'पीआरएनजी नॉट सीडेड' अशी एरर दाखवायची. आधीच्या आवृत्त्या अशा वेळी मुकाट पुढे जात. म्हणजे बिघाड जुनाच होता, तो आता बोलू लागला होता इतकंच. लोकांनी काय केलं? कुणी कोडात एक ठरीव वाक्य घालून तेच बीज म्हणून दिलं. कुणी संगणकावरची सगळ्यांना वाचता येणारी फाइल भरली. कुणी सरळ जुन्या, मुक्या आवृत्तीकडे परत गेलं. एरर गेली, सगळं 'चालू' झालं. किल्ली मात्र कुणालाही सांगता येईल अशी झाली.

या माणसांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी बसून बघा. संध्याकाळी डेमो आहे, मॅनेजर मागे उभा आहे, आणि पडद्यावर जी एरर आहे ती काय राखते आहे हे कुणीच सांगत नाही. माणूस एरर घालवतो. त्याला कामही तेवढंच दिलेलं असतं.

आता त्या अपघाताकडे वळू. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या परिवारात ओपनएसएसएल सांभाळणाऱ्याला एक तपासणीचं साधन वारंवार इशारा देत होतं, की इथे मूल्य न भरलेली मेमरी वाचली जाते आहे. इशारा खरा होता. त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलं, कुणी स्पष्ट हरकत घेतली नाही, आणि त्याने दोन ठिकाणची एकसारखी दिसणारी ओळ बंद केली. त्यांतली एक निरुपद्रवी होती. दुसरी होती नेमकी गोळा केलेली यादृच्छिकता आत मिसळणारी. ती ज्या फंक्शनमध्ये होती, त्याच्या नावात अजून 'एसएसएलईएवाय' ही ब्रिस्बेनची आद्याक्षरं होती. इशारा थांबला. त्यानंतर डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूमध्ये बनणाऱ्या किल्ल्यांत फरक पाडणारी गोष्ट जवळपास एकच उरली, प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका जातीच्या यंत्रावर, एका लांबीच्या, फार तर बत्तीस हजारांच्या आसपास वेगवेगळ्या किल्ल्या. ही यादी घरच्या संगणकावरही करून ठेवता येते. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांच्या हे लक्षात येईपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ गेला होता. त्या काळात बनलेली प्रत्येक किल्ली बदलावी लागली.

दुसरी गोष्ट किल्ली कुणाच्या हाती देतो याची. सर्टिफिकेट तपासणं म्हणजे दार उघडण्याआधी 'कोण आहे?' विचारणं. लिबकर्ल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत त्यासाठी एक सेटिंग होतं. शून्य म्हणजे तपासू नका. दोन म्हणजे सर्टिफिकेटावरचं नाव समोरच्या सर्व्हरशी जुळतं का ते पाहा. आणि एक म्हणजे सर्टिफिकेटावर काहीतरी नाव आहे एवढंच पाहा. पीएचपीमध्ये लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे 'ट्रू' लिहिलं, म्हणजे 'हो, तपासा'. पीएचपीने त्याचा अर्थ एक असा लावला. तपासणी बंद! टेक्सस आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की पैसे देण्या-घेण्याच्या नामांकित लायब्ऱ्यांतही हे घडलं होतं. त्यानंतर लिबकर्लने 'एक' ही किंमत स्वीकारणंच बंद केलं.

त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी १३,५०० अँड्रॉइड ॲप तपासली. १,०७४ ॲपमध्ये, म्हणजे आठ टक्क्यांत, कुठलंही सर्टिफिकेट किंवा कुठलंही नाव मान्य करणारा कोड होता. बऱ्याच जणांनी तो चाचणीपुरता घातलेला असतो. चाचणीच्या सर्व्हरवर स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट, त्याची एरर, ती घालवायला चार ओळी, आणि त्या काढायच्या राहून गेल्या.

हे सगळं इंग्रजीच्या जगातलं वाटलं असेल, तर आपल्या लिपीतलं एक उदाहरण घ्या. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द आपण सहज वेगळे ओळखतो. एक गुरुजींना, दुसरा स्वयंपाक्याला. पण युनिकोडमध्ये हा दुसरा 'ऱ्य' दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'य'. दुसरी म्हणजे साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग 'य'. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. साठवताना मात्र पहिल्या रीतीत 'य' च्या आधी सहा बाइट लागतात, दुसऱ्या रीतीत नऊ. तुम्ही परवलीचं वाक्य म्हणून 'दऱ्याखोऱ्यांतून' असं काही ठेवलंत, आणि लॅपटॉपचा कीबोर्ड एका रीतीने व फोनचा दुसऱ्या रीतीने लिहीत असेल, तर दोन वेगळ्या किल्ल्या तयार होतात. पडद्यावर येतं: 'पासवर्ड चुकीचा आहे'. तुम्ही बरोबर असता. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण इथे पुरत नाही, कारण ते त्या अदृश्य चिन्हाला हातच लावत नाही.

आता प्रोग्रॅमरकडे तक्रार गेली की सोपी उत्तरं दोन. एक म्हणजे देवनागरी पासवर्ड बंद करून टाकणं. दुसरं म्हणजे अदृश्य चिन्ह सरसकट पुसणं. मग जोडचिन्हाने लिहिलेल्या 'दऱ्या' चा 'दर्या' होतो, आणि 'ऱ' ने लिहिलेला 'दऱ्या' तसाच राहतो. म्हणजे मूळ तक्रार तशीच. योग्य उत्तर थोडं कष्टाचं आहे. दुसरी रीत पहिल्या रीतीत बदलून घ्यायची, ती पासवर्ड ठरवतानाही आणि तपासतानाही, आणि दोन्ही रीतींनी लिहून चाचणी करायची. पण त्यासाठी 'ऱ' कुठून येतो हे माहीत असलेलं कुणीतरी त्या खोलीत असावं लागतं. तुमच्यापैकी कुणी अशा खोलीत असाल, तर हे तुमच्याइतकं सहज दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

तात्पुरत्या तडजोडी किती काळ टिकतात, याचा दाखला मार्च २०१५ मध्ये मिळाला. निर्यातीसाठी तोकड्या केलेल्या किल्ल्यांचा कायदा सैल होऊन पंधरा वर्षं झाली होती. त्या तोकड्या किल्ल्या स्वीकारणारा कोड मात्र असंख्य सर्व्हर आणि ब्राउझरांत तसाच पडून होता. 'फ्रीक' नावाच्या हल्ल्यात दोघांच्या मध्ये बसलेला माणूस त्यांना तीच जुनी, कमजोर किल्ली वापरायला भाग पाडू शकत होता. कायदा विसरला गेला, पण त्याने ठेवायला लावलेलं मागचं दार कुणी बुजवलं नव्हतं.

मग यावर उपाय काय? गुटमन यांनी क्रिप्टलिबमध्ये दिलेलं उत्तर मला पटतं. प्रोग्रॅमरला सुटे भाग देऊन 'नीट जोड' म्हणायचं नाही. त्याला लिफाफा द्यायचा. आत मजकूर घाल, कुणासाठी ते सांग, बाहेर बंद लिफाफा येईल. कूटपद्धत, यादृच्छिकता, क्रम, हे सगळं आतल्या आत. खासगी किल्ली उघडी बाहेर काढायची सोयच ठेवायची नाही, कितीही जणांनी मागितली तरी. यामागच्या रचनेचं पुस्तक २००४ मध्ये स्प्रिंगरने काढलं. विचार साधा आहे. चुकीच्या रीतीने बसवताच येणार नाही असं कुलूप घडवणं ही घडवणाऱ्याची जबाबदारी.

पण आपल्यापैकी बहुतेकजण लायब्ररी लिहीत नाहीत, दुसऱ्याची बसवतात. आणि त्या कामात एक गोष्ट मला फार अन्यायाची वाटते. तपासणी बंद करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. त्याचं तिकीट बंद होतं, संध्याकाळ मोकळी होते. किंमत मोजतं दुसरंच कुणीतरी: साताऱ्यात बसून फोनवर पेन्शनचा हिशेब बघणारे कुणाचे तरी वडील, किंवा इथे दवाखान्याच्या ॲपवर रिपोर्ट उघडणारी कुणाची तरी आई. त्यांना पडद्यावर सगळं सुरक्षितच दिसतं. कोयंडा सैल आहे, हे दाराबाहेरून कळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशी एरर आली, तर ती घालवण्याआधी ती काय राखते आहे ते विचारा. चाचणीच्या सर्व्हरची एरर असेल, तर तपासणी बंद करू नका. चाचणीपुरतं स्वतःचं प्रमाणन केंद्र त्या यंत्रावर मान्य करून घ्या. यादृच्छिकतेची असेल, तर बीज हाताने देऊ नका, ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्या. आणि सगळं चालू झालं की मुद्दाम एकदा चुकीचं सर्टिफिकेट लावून बघा, मुदत संपलेलं लावा, भलत्याच नावाचं लावा. जोडणी तुटली पाहिजे. नाही तुटली, तर तुमचं काम झालेलं नाही, मग पडद्यावर कितीही हिरवं दिसो.

गावी जाताना दाराला कुलूप लावल्यावर आपल्याकडची मोठी माणसं ते दोनदा ओढून बघतात. किल्ली फिरली एवढ्यावर त्यांचा विश्वास नसतो. कोड पुढे पाठवण्याआधी एवढं तरी आपण करू शकतो.